शिसवी मुद्गलांची जोडी : व्यायामाकडे परतणाऱ्यांसाठी एक परीक्षण

बँकेच्या खुर्चीत दोन दशके काढून पन्नाशीच्या उंबरठ्यावर पोहोचलेल्या बाईला भेटेल तो वजन कमी करण्याचा सल्ला देतो. माझी अडचण त्याआधीची होती. माळ्यावरचा डबा काढताना उजव्या खांद्यात कळ यायची, पाठीमागे हात नेऊन काही बांधायचे म्हटले तर हात अर्ध्यातच थांबायचा, आणि जमिनीवर मांडी घालून बसल्यावर उठताना भिंत नाहीतर कुणाचा तरी हात लागायचा. अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासणी करून हा ‘फ्रोझन शोल्डर’ नाही, असा निर्वाळा दिला. तो विकार चाळीस ते साठ या वयात, त्यातही स्त्रियांना आणि मधुमेह असणाऱ्यांना अधिक होतो, त्यामुळे ती खात्री करून घेणे आवश्यकच होते. खांदा केवळ वापरात नसल्यामुळे ताठरला आहे, तो सर्व दिशांनी हलता ठेवा आणि हळूहळू त्याच्यावर भार द्या, एवढेच त्यांनी सांगितले. या दोन्ही अटी एकाच साधनात बसतील अशी वस्तू शोधता शोधता मी मुद्गलांपाशी, म्हणजे मुठीत धरून खांद्याभोवती फिरवायच्या लाकडी सोट्यांपाशी, आले आणि दोन-दोन किलोंची शिसवी जोडी ऑनलाइन मागवली. दिवाळीनंतर सुरू झालेला तिचा वापर आता पावसाळ्यातही चालू आहे, म्हणजे या लाकडाने नाशिकची थंडी, कोरडा उन्हाळा आणि दमट हवा असे तिन्ही पाहिले आहे. मत देण्यास एवढा काळ पुरेसा आहे.

विक्रेत्याचे नाव देत नाही. जवळपास याच मापाच्या आणि याच वर्णनाच्या जोड्या अनेक जण विकतात, आणि पुढे सांगितलेले गुणदोष त्या सगळ्यांनाच कमी-अधिक प्रमाणात लागू पडतील.

प्रथम वस्तूविषयी. प्रत्येक मुद्गल सुमारे ५३ सेंटिमीटर लांब असून खालच्या बाजूला, सर्वांत रुंद जागी, त्याचा व्यास १० सेंटिमीटर आहे. वर निमुळती होत गेलेली मान, तिच्यापुढे मूठ आणि मुठीच्या टोकाला हात निसटू नये म्हणून ठेवलेला गोळा, अशी नेहमीची घडण आहे. लाकूड एकसंध आहे; मूठ वेगळी कातून डकवलेली किंवा स्क्रूने बसवलेली नाही. खरेदी करताना सर्वांत आधी हेच पाहावे. जोड असलेला मुद्गल कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण फिरवताना सगळा ताण त्या जोडावर येतो आणि तो ऐन वेळी सुटला तर दोन किलोंचा ठोकळा कुठे जाऊन आदळेल, याचा नेम नसतो. शिसव जड आणि घट्ट असल्यामुळे दोन किलोंचा मुद्गल आटोपशीर आकारात बसतो. तेवढ्याच वजनाचा आंब्याच्या लाकडाचा मुद्गल बराच जाडजूड होतो आणि पाठीमागून नेताना डोक्याला किंवा खांद्याच्या पात्याला लागतो. पाठीमागून फिरवायच्या साधनात हा फरक किरकोळ नाही.

जोडी आली त्या दिवशी प्रवासी बॅगा तोलण्याच्या हुकाच्या काट्याला दोन्ही मुद्गल आळीपाळीने टांगून पाहिले. एक २ किलो ६० ग्रॅम भरला, दुसरा १ किलो ८५० ग्रॅम. दोनशे ग्रॅमचा हा फरक भाजीच्या पिशवीत जाणवणार नाही, पण दोन्ही हात एकाच लयीत फिरवताना तो लगेच कळतो, कारण हलका मुद्गल आधी वर येतो आणि जड मागे राहतो. विक्रेत्याला फोन केला तेव्हा त्यांचे पहिले उत्तर होते, “मॅडम, लाकूड आहे, थोडे इकडेतिकडे होणारच.” हे उत्तर अर्धे खरे आहे. एकाच ओंडक्यातल्या गाभ्याच्या आणि सालीकडच्या लाकडाची घनता वेगळी असते, त्यामुळे एकाच मापात कातलेले दोन नग तंतोतंत सारखे भरत नाहीत. परंतु कातून झाल्यावर तोलून, जवळचे दोन नग जोडी म्हणून एकत्र बांधणे हे विक्रेत्याचे काम आहे आणि जोडीची किंमत त्याचीच असते. काट्यावरचे आकडे दिसतील असे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर त्यांनी हलका नग परत मागवला आणि दुसरा पाठवला. आता दोहोंत तीस-पस्तीस ग्रॅमचा फरक आहे, तो चालण्यासारखा आहे. परतीचे कुरिअर मात्र माझ्या खर्चाने गेले, आणि याबद्दल वेबसाइटवर आधी कुठेही स्पष्ट लिहिलेले नव्हते.

दुसरा दोष मुठीचा. संपूर्ण मुद्गलावर, मुठीसकट, चकचकीत वॉर्निश दिलेले होते. फोटोत ते देखणे दिसते. घामेजल्या तळहातात तीच मूठ सुळसुळते. शिवाय मुठीचा घेर पुरुषांच्या पंजाचा विचार करून ठेवलेला आहे. मुठीभोवती अंगठा आणि मधले बोट एकमेकांना टेकले पाहिजे, ही साधी चाचणी. माझ्या हातात दोहोंमध्ये बोटाच्या पेराएवढी फट राहत होती. आधी जाड आणि मग बारीक सँडपेपरने मुठीवरचे वॉर्निश पूर्ण काढले, त्यातच थोडे लाकूडही उतरले आणि पकड सुधारली. उघड्या झालेल्या लाकडाला जवसाच्या तेलाचा पातळ हात दिला, तो पूर्ण वाळू दिला, मग पुन्हा दिला. (जवसाचे तेल लागलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळ्या हवेत पसरून वाळवाव्यात आणि मगच फेकाव्यात.) आता ती मूठ कोरड्या हातालाही आणि ओल्या हातालाही नीट धरता येते. हे काम अवघड नाही, पण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर ग्राहकाने ते करावे लागू नये. मूठ वॉर्निशशिवाय ठेवणे विक्रेत्याला उलट स्वस्तच पडेल.

एप्रिलच्या अखेरीस एका मुद्गलाच्या तळाशी नखाला जेमतेम लागेल एवढी चीर दिसली. लाकडाच्या आडव्या छेदातून ओल सर्वांत लवकर उडून जाते, म्हणून कोरड्या हवेत तळाला चिरा पडणे अनपेक्षित नाही. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण केली, तळाला तेल लावले आणि लक्ष ठेवले. ती खुणेपलीकडे गेली नाही आणि पाऊस सुरू झाल्यावर जवळपास मिटली. हीच चीर मानेपाशी किंवा मुठीच्या सुरुवातीला असती तर मुद्गल त्याच दिवशी बाद केला असता, कारण तिथे लाकूड सर्वांत बारीक आणि ताण सर्वांत जास्त असतो.

आता वजनाचा प्रश्न, कारण खरेदीत खरी गल्लत इथेच होण्याचा संभव असतो. डंबेलचे वजन मुठीच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे जवळजवळ मुठीतच असते. मुद्गलाचे वजन मुठीपासून वीतभर पुढे असते. टेबलाच्या कडेवर आडवा ठेवून तोल साधून पाहिला तर हा मुद्गल मुठीच्या टोकापासून ३३ सेंटिमीटरवर तोलतो. म्हणजे हाताने धरण्याची जागा आणि वजनाचा मध्य यांच्यात सुमारे २५ सेंटिमीटरचे अंतर पडते. त्या अंतरामुळे मनगटावर आणि खांद्यावर येणारा पीळ डंबेलच्या कितीतरी पट होतो. त्यातच फिरण्याचा वेग मिळवा : वेग दुप्पट झाला की मुद्गल हाताला बाहेर ओढतो ती ताकद चौपट होते. त्यामुळे जिममध्ये पाच-सात किलोंचे डंबेल सहज उचलणारा तरुणही दोन किलोंचा मुद्गल नीट फिरवताना अडखळतो, आणि विक्रेत्यांच्या पानावर “नवशिक्यांसाठी” म्हणून दाखवलेली चार किलोंची जोडी नवशिक्यांसाठी मुळीच नसते. व्यायाम सुटून वर्षे झालेल्या स्त्रीने एक ते दीड किलोपासून, पुरुषाने दीड ते दोन किलोंपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मी दोन किलो घेतले ते लहानपणी शाळेच्या संघात खो-खो खेळल्याच्या आणि मनगटे अजून बऱ्यापैकी असल्याच्या भरवशावर. तरीही पहिले काही आठवडे दोन्ही हातांत दोन मुद्गल न घेता एकच मुद्गल आळीपाळीने वापरला.

जोडीबरोबर एक छापील तक्ता आणि एका व्हिडिओचा क्यूआर कोड येतो. तक्त्यातली रेखाचित्रे इतकी लहान आहेत की मुद्गल खांद्याच्या पुढून जातो की मागून, हेच कळत नाही. व्हिडिओत पिळदार शरीराचे एक गृहस्थ मोठ्या मुद्गलांची जोडी संगीताच्या ठेक्यावर फिरवताना दिसतात. पाहायला छान आहे, शिकायला निरुपयोगी. मुद्गल कागदावरून किंवा पडद्यावरून शिकू नयेत, एवढाच बोध त्यातून घेता येतो. सुदैवाने आमच्या भागातल्या जुन्या व्यायामशाळेत सकाळी स्त्रियांसाठी वेगळी वेळ आहे, तिथे थोडे दिवस जाऊन प्राथमिक हात, म्हणजे मुद्गल फिरवण्याचे प्रकार, शिकून घेतले. तिथल्या वस्तादांनी आल्या आल्या मुद्गल बाजूला ठेवायला लावला. “ताई, आधी रिकाम्या मुठीने फिरवा. हात मोकळा फिरला नाही तर मुद्गल काय फिरणार?” मग रिकामी मूठ, त्यानंतर पाण्याने अर्धी भरलेली एक लिटरची बाटली आणि शेवटी मुद्गल, असा क्रम त्यांनी लावून दिला. पाण्याच्या बाटलीची युक्ती फार उपयोगी आहे. आतले पाणी हिंदकळत राहिले तर हात झटक्याने चालतो आहे हे लगेच कळते, आणि ज्यांना मुद्गल विकत घ्यावेत की नाही याची खात्री नाही त्यांना फुकटात चाचणी घेता येते.

मूळ हात असा आहे. पाय खांद्यांएवढे लांब, गुडघे किंचित सैल, पोट आत. उजव्या हातातला मुद्गल छातीसमोर उभा धरायचा, कोपर अंगाजवळ. तिथून कोपर वर उचलत मुद्गलाचे टोक डाव्या खांद्यावरून पाठीमागे सोडायचे. तो पाठीमागून स्वतःच्या वजनाने उजवीकडे येतो आणि उजव्या खांद्यावरून पुन्हा पुढे येऊन छातीसमोर उभा राहतो. ताकद लागते ती शेवटच्या टप्प्यात, मुद्गल पुढे येताना त्याला थोपवून उभा करण्यासाठी. पाठीमागे तो ओढायचा नसतो, सोडायचा असतो. कोपर कानाच्या वर गेले नाही तर मुद्गल डोक्याला लागतो. कंबर मागे झुकली तर भार खांद्यावर न येता पाठीच्या खालच्या भागावर येतो. वस्तादांची नजर सतत कमरेवर असायची. रुमाली, बगली ही नावे तिथे रोज कानावर पडत; मी मात्र हा एक हात आणि त्याचा उलटा हात, एवढ्यावरच बराच काळ राहिले, आणि परतणाऱ्या माणसाला तेवढे पुरते.

या हालचालीत खांद्याच्या सांध्याभोवतीचे चार लहान स्नायू, जे सांध्याचा गोळा खोबणीत धरून ठेवतात, सतत कामाला लागतात. संगणकावर बसणाऱ्याचे हात दिवसभर पुढे आणि आत वळलेले असतात. मुद्गल त्यांना वर, मागे आणि बाहेर नेतो. खांद्याचे पाते पाठीवर सरकते, बरगड्या उघडतात, आणि पकड तर प्रत्येक फेरीला कसली जाते. पकड कसली जाते याचा अनुभव पहिल्या आठवड्यातच येतो, कारण दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना दंडापेक्षा मनगटापुढचा हात अधिक दुखतो. अशी दुखण्याची ठणक व्यायामानंतर एक ते तीन दिवस राहते आणि आपोआप जाते. सांध्यात खोल, टोचणारी वेदना असेल तर ती वेगळी गोष्ट आहे आणि तिथे थांबायला हवे.

मुद्गल हा मात्र पूर्ण व्यायाम नाही, आणि विक्रेते तो तसा असल्याचे सांगतात तिथे त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. पायांना त्यातून जवळजवळ काहीच मिळत नाही आणि हृदयाला थोडेसेच मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि त्याशिवाय किमान दोन दिवस शरीरातल्या सर्व मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा. मुद्गल या दुसऱ्या कलमाचा फक्त वरचा अर्धा भाग भरून काढतो. म्हणून माझा रोजचा क्रम मी त्याच्याभोवती बांधला, आणि हे परीक्षण वाचणाऱ्याला त्या क्रमाचा मुद्गलांइतकाच उपयोग व्हावा म्हणून तो देते.

एक दिवसाआड मुद्गल. आधी रिकाम्या हातांनी खांदे, मनगटे आणि मान मोकळी करणे, मग प्रत्येक हाताने दहा-दहा फेऱ्या, मधे पूर्ण विश्रांती, आणि असे तीन-चार वेळा. मधल्या विश्रांतीत रिकामे न बसता बैठका काढायच्या. सुरुवातीला खुर्चीवर टेकून उठणे, नंतर खुर्चीशिवाय, जमेल तितक्या खोल. जोर जमिनीवर जमत नव्हते, म्हणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर हात टेकून, अंग तिरपे ठेवून काढले. ओट्यावरून हात हळूहळू खाली, म्हणजे भक्कम बाकावर, नेता येतात. हे सगळे मिळून अर्ध्या तासाच्या आत होते. मधल्या दिवशी बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा वेगाने चालणे. फेऱ्यांची संख्या वाढवली ती आधीची संख्या शेवटपर्यंत नीट, न झुकता, न झटकता होऊ लागल्यावरच. वजन अजिबात वाढवलेले नाही. ज्यांना एकच गोष्ट करायची आहे आणि साधन नको आहे, त्यांच्यासाठी औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्यांचा आयुष्यभर प्रचार केला ते सूर्यनमस्कार अजूनही अधिक सरळ मार्ग आहेत, कारण त्यात पाय, पाठ, खांदे सगळे एकाच क्रमात येते. मला त्यात मनगटावर पडणारा भार सोसत नव्हता. मुद्गल पेलताना मनगट सरळ राहते, हा माझ्यासारख्यांना मिळणारा फायदा.

परिणाम काय झाला, हे प्रामाणिकपणे सांगायचे तर वजनाच्या काट्यात नगण्य बदल आहे. पण हात पाठीमागे, खांदा ताठरण्यापूर्वी जायचा तितका, जातो. माळ्यावरचा डबा काढताना कळ येत नाही. लोणच्याच्या बरणीचे झाकण उघडायला आता कुणाला हाक मारावी लागत नाही, आणि मांडी घालून बसल्यावर हात न टेकता उठता येते. हे शेवटचे श्रेय अर्थातच बैठकांचे आहे, मुद्गलांचे नाही. मान आणि पाठीच्या वरच्या भागातला संध्याकाळचा जडपणा सर्वांत लवकर गेला. मुद्गलाचा आणखी एक गुण असा की तो दुर्लक्ष खपवून घेत नाही. चालताना फोनवर बोलता येते, सायकल मारताना मालिका पाहता येते. मुद्गल फिरवताना लक्ष हटले तर तो कानशिलाजवळ येऊन आठवण करून देतो. त्यामुळे तो अर्धा तास खरोखर व्यायामाचाच होतो.

जागेचा विचार खरेदीपूर्वी करावा, याबद्दल कोणत्याही विक्रेत्याने एक ओळ लिहिलेली मला दिसली नाही. माझी उंची सव्वापाच फूट आहे. हात वर ताणल्यावर मुद्गलाचे टोक पावणेआठ फुटांपर्यंत जाते, आणि आपल्या नेहमीच्या फ्लॅटमध्ये पंख्याची पाती साधारण आठ फुटांच्या आसपास फिरत असतात. उंच माणसाने पंख्याखाली मुद्गल घेऊन उभेच राहू नये. आजूबाजूला दोन्ही बाजूंना हात पसरून आणखी मुद्गलाच्या लांबीएवढी जागा मोकळी हवी, मागेही तेवढीच. टीव्ही, काचेचे कपाट, देव्हारा यांच्याजवळ तर नाहीच. मी सकाळी गच्चीवर जाते आणि पावसात बाल्कनीतल्या कपड्यांच्या दोऱ्या काढून तिथे उभी राहते. पायाखाली जाड सतरंजी किंवा रबरी चटई असावी, कारण मुद्गल कधीतरी खाली टेकवताना आपटतोच, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना त्याचा आवाज छतातून ऐकू जातो. घरात लहान मुले असतील तर मुद्गल उभे ठेवू नयेत. रुंद तळामुळे ते स्थिर वाटतात, पण धक्का लागला की पडतात. मी ते पलंगाखाली आडवे ठेवते. आमच्या सासूबाई सुरुवातीला “हे पैलवानांचे काम, तुला कशाला?” म्हणत, आता त्या स्वतः अर्ध्या बाटलीने हात फिरवतात आणि संख्या मोठ्याने मोजतात.

वास्तविक मुद्गल पैलवानांपुरता कधीच नव्हता. आमच्या पिढीने शाळेच्या मैदानावर लेझीम, घुंगुरकाठी आणि लाकडी डंबेल्सची कवायत केली आहे. साधन हातात घेऊन लयीत अंग हलवण्याची सवय आपल्याकडे शाळेतच लावली जायची. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी इथले मुद्गल पाहून ते आपल्या देशी नेले, तिथे ‘इंडियन क्लब’ या नावाने ते सैन्यात, शाळांत आणि स्त्रियांच्या व्यायामवर्गांतही फिरवले गेले, आणि १९०४ च्या सेंट लुइस व १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तर क्लब फिरवण्याची स्पर्धाच होती. त्यानंतर चार वर्षांनी बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय खेळ आणि व्यायामांची प्रात्यक्षिके तिथे दाखवली. इतका जुना आणि इतका फिरून आलेला व्यायाम आज विकणाऱ्यांच्या पानांवर मात्र केवळ मर्दानी देखाव्याच्या भाषेत मांडला जातो. पानावर एकाही स्त्रीचे छायाचित्र नाही, एकाही पन्नाशीतल्या माणसाचे नाही. ज्यांना या वस्तूचा सर्वाधिक उपयोग आहे तेच गिऱ्हाईक त्यांनी सोडून दिले आहे.

पर्यायांचा विचार थोडक्यात. सिमेंट भरलेल्या चकत्यांचा डंबेल-संच या किमतीत अधिक वजन देतो आणि पायांच्या व्यायामालाही चालतो. पण खांदा गोल फिरवणे त्याने जमत नाही आणि चकत्यांची खीळ दर वेळी घट्ट केली नाही तर ती सैल होते. रबरी पट्टे सर्वांत स्वस्त, सर्वांत हलके, प्रवासात नेता येणारे, आणि ज्यांचा खांदा अजून दुखतो त्यांनी खरे तर त्यांच्यापासूनच सुरुवात करावी. तिसरा पर्याय मला उशिरा कळला : गावातल्या कातारी बंधूंकडे लाटणी, पोळपाट आणि पलंगाचे पाय कातून मिळतात, तेच मुद्गलही कातून देतात. आमच्या ओळखीच्या कातारींनी नमुना पाहून सांगितले की लाकूड मुरलेले असले तर दोन-तीन दिवसांत जोडी होते, मुठीचा घेर आपल्या हाताच्या मापाचा ठेवता येतो, आणि दोन्ही नग काट्यावर तोलून जड नगाला थोडे अधिक कातून वजन जुळवता येते. ऑनलाइन जोडी मला घरपोच दोन हजारांच्या आत पडली. त्यांनी सांगितलेली किंमत त्याहून फारशी वेगळी नव्हती. पुढे कुणी माझ्याकडे विचारले तर मी आधी कातारींचाच पत्ता देईन, आणि जवळपास कातारी नसेल तरच ऑनलाइन दुकानाचा.

ऑनलाइनच घ्यायची असेल तर पैसे भरण्यापूर्वी विक्रेत्याला फोन करून चार गोष्टी विचाराव्यात : लाकूड एकसंध आहे का, मुठीचा घेर किती, मुठीवर वॉर्निश आहे का, आणि दोन्ही नगांचे काट्यावरचे फोटो पाठवाल का. परत पाठवण्याचा खर्च कुणाचा, हेही लिहून घ्यावे. या प्रश्नांना टाळाटाळ करणारा विक्रेता सोडून द्यावा. लाकूड आणि घडण यांसाठी मी या जोडीला पाचपैकी चार गुण देईन, मूठ आणि सोबतचा तक्ता यांसाठी दोन, आणि विक्रीनंतरच्या सेवेसाठी तीन. नग बदलून दिला हे त्यांच्या बाजूने, खर्च माझ्यावर टाकला हे त्यांच्या विरोधात. खांदा पूर्वी निखळलेला असेल, मानेच्या मणक्यांचा त्रास असेल, हाताला मुंग्या येत असतील किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही जोडी मागवू नये. बाकीच्यांनी पाण्याची अर्धी बाटली घेऊन आठवडाभर हात फिरवून पाहावा. तेवढे नियमित जमले तरच दीड-दोन हजार रुपये खर्च करावेत.